टाचण लिहून होतं पण तास हाताबाहेर जातो... तुम्ही पाठाची तयारी नेमकी कशी करता?

नवखा_मास्तर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

पवित्र पोर्टलवरून २०२४ च्या भरतीत शिक्षणसेवक म्हणून लागलो. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी मॅडमकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही मिळून २३ पोरं एकाच खोलीत. रोज रात्री बसून टाचण लिहितो, घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शेवटी मुलांना काय यायला हवं), शैक्षणिक साहित्य, सगळे रकाने भरतो. सकाळी वर्गात गेलो की पहिली दहा मिनिटं टाचणाप्रमाणे जातात आणि मग चौथीला शिकवतोय तोवर तिसरीवाले एकमेकांच्या दप्तरात शिरलेले असतात, किंवा मला वाटतं अर्धा तास लागेल ते पाच मिनिटांत संपतं, नाहीतर उलटं, एकाच गणितावर अख्खी तासिका जाते. डीएडला पाठ घेतले तेव्हा सगळं छान व्हायचं कारण वर्ग आमच्यासाठी आधीच गप्प बसवलेला असायचा.

प्रश्न सरळ आहे. टाचण वहीचं सोडा, ती साहेबांसाठी लिहितोच. पण उद्याचा तास चांगला व्हावा म्हणून तुम्ही आदल्या दिवशी खरोखर काय ठरवता? जुन्याजाणत्यांनी सांगा. पुस्तकी उत्तरं नकोत, ती पाठ आहेत :)

दुपारची_सुट्टी
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

खडूफळा
आधी एक गमतीची गोष्ट सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय आणि त्यात तयारीचे तास धरून असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायद्यालाही मान्य आहे की तयारी हे काम आहे. आता ते तयारीचे तास कुठे गेले ते ऑनलाइन माहित्या, यू-डायसची शाळेची आकडेवारी, पोषण आहाराचे हिशेब, बीएलओची मतदारयादीची कामं वगैरेंना विचारा. मी वीस वर्षं शोधतोय.

निवृत्त_हेडमास्तर
नवखा_मास्तर, प्रश्न चांगला विचारलात, पण "टाचण साहेबांसाठी" हे वाक्य वाचून वाईट वाटलं. टाचण स्वतःसाठीच असतं. आमच्या काळी ते साहेबांसाठी झालं, हा दोष आमच्या पिढीचा आणि साहेबांचा मिळून.

ते रकाने कुठून आले माहीत आहे का? प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, ही सगळी हर्बार्टची देणगी. एकोणिसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ. खरं तर पाच पायऱ्यांचा पक्का साचा त्याने नव्हे तर त्याच्या पाठीराख्यांनी, त्सिलर आणि राइन यांनी रूढ केला. मूळ कल्पना एवढीच की नवीन ज्ञान जुन्या ज्ञानाला जोडल्याशिवाय डोक्यात टिकत नाही. ती आजही खरी आहे. पण प्रशिक्षण विद्यालयात तिचं कर्मकांड झालं आणि प्रस्तावनेच्या पाच प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाला मुलांनी "माहीत नाही" म्हणायचं आणि मग आपण विजयी मुद्रेने हेतुकथन करायचं, हे नाटक सुरू झालं.

मी स्वतः एक गोष्ट निवृत्त होईपर्यंत पाळली. तास संपेल तेव्हा फळा कसा दिसेल ते आदल्या दिवशी कागदावर काढून ठेवायचं. डावीकडे काय राहणार, मधे काय पुसलं जाणार, मुलांची उत्तरं कुठे लिहायची. फळा ठरला की तासातलं निम्मं ठरतं. करून बघा.

जाई_जुई
"शेवटच्या प्रश्नाला माहीत नाही म्हणायचं" =)) =)) आमच्या बीएडच्या एका पाठात एका आगाऊ मुलाने शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं होतं. पाठ घेणारी मैत्रीण रडायचीच बाकी होती. मागे बसलेल्या सरांनी वहीत लिहिलं, "प्रस्तावना असफल".

वाडा_तालुका
मी पालघरला आहे, माझ्याकडे पण जोडवर्ग, त्यामुळे माझं उत्तर फक्त जोडवर्गापुरतं. बाकीच्यांनी सोडून द्या.

टाचण एका इयत्तेचं वेगळं आणि दुसरीचं वेगळं लिहिलं की तिथेच घात होतो कारण तुम्ही एकच आहात. मी साध्या रफ वहीत पान उभं तीन भागात करते. तिसरी, चौथी, आणि तिसरा रकाना "मी कुठे". वीस-वीस मिनिटांचे आडवे पट्टे. ज्या पट्ट्यात मी चौथीकडे आहे त्या पट्ट्यात तिसरीला जे काम दिलंय ते त्यांना आधीपासून येत असलेलंच पाहिजे. नवीन काही नाही. नवीन दिलं की दर दोन मिनिटाला एक पोरगं येऊन उभं राहतं "बाई कसं करायचं". सरावच द्यायचा, पण कंटाळवाणा नाही. शब्दपट्ट्या जुळवणं, जोडीने एकमेकांना वाचून दाखवणं, दुकान-दुकान खेळात हिशोब.

दुसरं म्हणजे काम तपासायला तुमची वाट बघायला लागू नये. उत्तरं एका पुठ्ठ्यावर लिहून मागे टांगून ठेवते, झालं की स्वतः जाऊन बघायचं आणि चुकलं त्याला गोल करायचा. नक्कल करतात का? पहिले काही दिवस करतात. मग गोल करण्यातच मजा येते त्यांना.

तिसरं, काही विषय दोघांना एकत्रच घ्या. मापन, परिसर, कविता, चित्रवर्णन. बाजाराचा विषय काढला की तिसरीने बेरीज-वजाबाकी करायची आणि चौथीने गुणाकार. रोज दोन वेगळे तास रेटायचा अट्टाहास कशाला.

नवखा_मास्तर
वाडाताई, "मी कुठे" हा रकाना भारी आहे. हे डीएडला कुणी सांगितलं नाही! तिथे सगळे पाठ एका वर्गाचे आणि एका शिक्षकाचे. राज्यात एवढ्या द्विशिक्षकी शाळा आहेत तरी.

स्प्रिंटवाला
आयटीवाला आहे, आगाऊपणा माफ. हे "मी कुठे" म्हणजे आमचं रिसोर्स अलोकेशन झालं. आमच्याकडे पण सोमवारी प्लॅन होतं, बुधवारी बोंबलतं आणि शुक्रवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं लिहितात.

खडूफळा
@स्प्रिंटवाला, फरक एवढाच की तुमच्या कोडला शी-शू लागत नाही. ह.घ्या.

तासिका_आठवी
मी थोडा वेगळा सूर लावतो. माध्यमिकला विज्ञान शिकवतो, अनुदानित शाळा, एका तुकडीत ६५ ते ७० मुलं, दिवसाला सहा तासिका, त्यात एखादी बदली तासिका. ३५ मिनिटांपैकी हजेरी आणि बसाउठण्यात पाच जातात. हे गट, पट्ट्या, पुठ्ठे वगैरे प्राथमिकला ठीक आहे. आमच्याकडे गटकार्य म्हणलं की बाकं सरकवण्यातच तास संपतो. मी बोलतो, फळ्यावर लिहितो, मुलं उतरवतात. निकाल वाईट लागत नाही. उगाच प्रत्येकाने नवोपक्रम करायलाच पाहिजे असं थोडंच आहे? चांगलं बोलणारा शिक्षक असेल तर व्याख्यानातूनही मुलं शिकतात, आपण सगळे तसेच शिकलो ना?

मोरपंखी
आपण सगळे तसेच शिकलो, पण माझ्या वर्गातले किती जण नववीत गळाले ते पण आठवतं मला. जे गळाले ते या धाग्यावर यायचे नाहीत सांगायला.

निवृत्त_हेडमास्तर
मोरपंखी, नेमकं बोललात.

दुपारची_सुट्टी
आलो. तासिका_आठवी, तुमचा मुद्दा खोटा नाही, ७० मुलांत गट होत नाहीत. पण बाक न सरकवता बऱ्याच गोष्टी होतात. मी पण आठवीला विज्ञान घेतो, सेम संख्या.

घनतेचा पाठ घ्या. पूर्वी मी व्याख्या सांगायचो, सूत्र लिहायचो, उदाहरण सोडवायचो. आता सुरुवातीला फक्त पाण्याची बादली, एक लोखंडी खिळा, आणि एक स्टीलची रिकामी वाटी. वाटी खिळ्यापेक्षा जड आहे हे एका मुलाला हातात देऊन सांगायला लावतो. मग विचारतो, काय बुडेल? बोलायचं नाही, आधी वहीत लिहायचं. मग शेजारच्याला सांगायचं, एक मिनिट. मग हात वर करून मतदान, आकडे फळ्यावर. आणि मगच पाण्यात टाकायचं. "जड वस्तू बुडते" म्हणणारे ढिगाने निघतात. वाटी तरंगली की जो गोंगाट होतो तो होऊ द्यायचा. मग मी त्याच वाटीत पाणी भरून बुडवतो. आता त्यांना माझं बोलणं ऐकायचं असतं कारण त्यांचा अंदाज चुकलाय. त्यानंतर दहा मिनिटं व्याख्यानच देतो, तुमच्यासारखंच. व्याख्यान वाईट नाहीच, पण पोरांच्या डोक्यात प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर वाया जातं.

यात नियोजन काय? एकच. त्या तासाचा मुख्य प्रश्न कोणता आणि त्याची चुकीची उत्तरं कोणकोणती येतील. एवढं मी चिठोऱ्यावर लिहून खिशात ठेवतो. बाकी टाचण वही शिपायाच्या हाती मुख्याध्यापकांकडे जाते आणि सही होऊन येते.

तासिका_आठवी
वाटीचं पटलं. बादली न्यायला परवानगी मिळेल का बघतो, आमच्याकडे प्रयोगशाळेचं साहित्य वर्गात न्यायचं नाही असा फतवा आहे.

जाई_जुई
बादली प्रयोगशाळेचं साहित्य नाही, शिपाईकाकांचं आहे. त्यांना चहा पाजा.

गणितवेडी
दुपारची_सुट्टी यांना +१००. चुकीची उत्तरं आधी लिहून काढणं हीच माझ्या मते निम्मी तयारी आहे, गणितात तर जास्तच.

उदाहरण देते. ४०२ वजा १७८. पाठ घ्यायच्या आधी मी स्वतः पोरांसारखं चुकून बघते. एक चूक: मोठ्यातून लहान वजा. ८ मधून २ गेले ६, ७ मधून ० गेले ७, ४ मधून १ गेला ३, उत्तर ३७६. हे करणाऱ्या पोराला वजाबाकी येते, त्याला दशक सुटा करायचं कळलेलं नाही. दुसरी चूक: शून्याकडे उसने मागायला गेला, मिळाले नाहीत, मग थेट शतकाकडून आणून एककाला दिले पण मधल्या शून्याचे ९ झालेच नाहीत. दोघांचीही उत्तरं चूक पण दोघांना इलाज वेगळा. पहिल्याला काठ्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतात आणि २ काठ्यांतून ८ काढून दाखव म्हणावं लागतं. दुसऱ्याला गठ्ठे कळलेत, त्याला फक्त शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे करणं ही मधली पायरी दाखवायची. हे आधीच डोक्यात असेल तर वर्गात फिरताना वही बघितल्या बघितल्या कळतं. नसेल तर आपण दोघांनाही "नीट लक्ष दे" म्हणतो आणि पुढे जातो.

आणि उदाहरणं निवडणं हे पण नियोजनच. ५८ वजा २३ चुकीच्या पद्धतीने करून पण बरोबर येतं. अशी दहा गणितं दिली तर सगळ्या वर्गाला येतंय असं वाटतं आणि परीक्षेत दांडी गुल.

नवखा_मास्तर
३७६! माझ्या चौथीत अर्ध्या वर्गाचं हेच येतं आणि मी त्यांना वजाबाकीच येत नाही असं समजून तिसरीचं परत घेतलं. एक शंका, तुम्ही प्रश्न विचारल्यावर थांबता किती? मी विचारतो आणि कुणी बोललं नाही तर माझंच उत्तर तोंडातून बाहेर पडतं, शांतता सहनच होत नाही.

खडूफळा
हा सगळ्यांचा रोग आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंगं तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात असं निघालं. आणि तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, कधीच न बोलणारी पोरं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे मनात एक-दोन-तीन सावकाश. ऐकायला किरकोळ वाटतं, वर्गात उभं राहून करून बघा, घाम फुटतो.

हाफपँट_बॅकबेंचर
आमचे एक गुरुजी प्रश्न विचारून तंबाखू मळायला घ्यायचे. मळून होईपर्यंत उत्तर आलं पाहिजे. त्या बाईंच्या संशोधनाच्या कितीतरी आधी.

जाई_जुई
=)) =))

साताऱ्यात_या
या धाग्यात कुमठे बीटचा (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) उल्लेख कसा नाही झाला अजून? २०१५ च्या आसपास राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक आमच्या साताऱ्यात कुमठे बीट बघायला यायचे. जमिनीवर आखलेले तक्ते, गठ्ठे, मणी, दगड, पोरं फरशीवर बसून आपापलं शिकतायत. त्याच वर्षी २२ जूनला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द घराघरात पोचला.

खडूफळा
घराघरात नाही, फरशाफरशांत. आमच्याकडे ठेकेदार लावून ऑइलपेंटने फरश्या रंगवल्या. रंग वाळला, फोटो गेले वर, आणि पोरांना त्यावर पाय देऊ नका म्हणून सांगितलं.

साताऱ्यात_या
ते नकलेचं झालं हो. मुळात तिथे काय होतं तर मुलाने स्वतः हाताळून, बोलून, चुकून शिकायचं आणि बाईंनी कमी बोलायचं. साहित्य त्यासाठी होतं. लोकांनी साहित्य उचललं आणि कारण तिथंच ठेवून आले.

निवृत्त_हेडमास्तर
यात नवं असं काही नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. शंख, शिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला मिळेल ते साहित्य. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, मुलं गुरं घेऊन कुरणात गेली तर शाळा कुरणात. नियोजन मुलापासून सुरू करणं यापेक्षा वेगळं काय असतं? आपण अभ्यासक्रमाच्या पानापासून सुरू करतो.

ऊसपट्टा
बीडकडचा शिक्षक आहे. मुलापासून नियोजन सुरू करायचं म्हणता तर आमचं ऐका. दिवाळी झाली की वर्गातली कितीतरी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला. कारखाना बंद झाला की मार्च-एप्रिलात परत. हंगामी वसतिगृह असलं तर काही थांबतात, आजीकडे राहिली तर काही. वार्षिक नियोजनाच्या छापील तक्त्यात मात्र नोव्हेंबर ते मार्च सगळ्या घटकांची रेलचेल.

मी काय करतो तर जून ते ऑक्टोबरात ज्याच्यावाचून पुढचं अडतं ते सगळं उरकतो. वाचन, संख्याज्ञान, चार क्रिया. पुस्तकातला क्रम मोडतो. जाणाऱ्या पोरांच्या दप्तरात पातळशी वही देतो, रोज एक ओळ लिही, आज किती मोळ्या बांधल्या, किती गाड्या भरल्या, काय खाल्लं. परत आल्यावर त्याच वहीवर आठवडाभर शिकवतो, त्यातच गणित निघतं. एका पोरीने मोळ्यांचा हिशोब इतका पक्का ठेवला होता की मुकादमाने विचारलं कुणी लिहिला. वही सगळी पोरं भरतात असं नाही, बरीच कोरी येतात. पण क्रम बदलण्याचा फायदा शंभर टक्के होतो. साहेब विचारतात हा घटक ऑगस्टमध्ये कसा? मी म्हणतो, डिसेंबरमध्ये मुलंच नाहीत साहेब.

मोरपंखी
हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका प्लीज. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पणजीकर
आमच्याकडे गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेत मराठी माध्यम आणि पोरांच्या घरी कोंकणी. पुस्तकातले काही शब्द पोरांना परके असतात. मी धडा घ्यायच्या आदल्या दिवशी वाचून अडणारे सहा-सात शब्द काढते, त्यांची चित्रं किंवा वस्तू आधी दाखवते, पोरांकडून त्यांचा कोंकणी शब्द घेते आणि दोन्ही शब्द भिंतीवर. मग धडा. पालघर-नंदुरबारच्या शाळांत तर हे आणखीच लागत असेल.

वाडा_तालुका
लागतं ना. वारली पोरं पहिल्या वर्षी गप्प बसतात ते हुशार नाहीत म्हणून नाही. पहिलीला मी गोष्ट आधी त्यांच्या बोलीत एखाद्या मोठ्या पोरीकडून सांगून घेते, मग पुस्तकातली.

न्यूजर्सीची_शाळा
मी इथे अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते (पगार नाही, वडापाव मिळतो). आठवड्यातून एकदा दीड तास, सहा ते अकरा वर्षांची मुलं एकत्र, एकाला घरी आजी आहे म्हणून अस्खलित बोलतो, दुसरीला फक्त "पाणी हवं" येतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आहे पण एका खोलीत तीन पातळ्या. वाडाताईंचा जोडवर्ग आणि माझा वर्ग अगदी एक वाटला. सगळ्यांना मिळून एकच गोष्ट सांगायची, मग लहानांनी चित्र काढून नावं द्यायची, मधल्यांनी शेवट बदलायचा, मोठ्यांनी संवाद लिहून नाटक. तयारीला मला एक तास लागतो आणि त्यातला पाऊण तास गोष्ट निवडण्यात जातो.

पीडीएफ_मास्तर
एवढं सगळं कशाला? व्हॉट्सॲपवर सगळ्या इयत्तांचं तयार टाचण पीडीएफमध्ये मिळतं. प्रिंट काढा, तारीख घाला. आणि आता तर चॅटजीपीटी पण लिहून देतं मराठीत.

गणितवेडी
चॅटजीपीटीचं मी वापरून बघितलं. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं टाचण मागितलं तर "विद्यार्थ्यांना जवळच्या संग्रहालयाला भेट द्यावी" आलं. आमचं जवळचं संग्रहालय जिल्ह्याच्या गावी, एसटी दिवसातून दोनदा. तिसरीचं परिसरचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं हे त्याला कोण सांगणार. पण एक कामाचं निघालं. "या घटकात मुलं कोणत्या चुका करतील ते सांग" म्हणलं तर बरी यादी देतं. त्यातल्या निम्म्या आपल्या वर्गात खरंच दिसतात. टाचण नको मागू, चुका माग.

पीडीएफ_मास्तर
मला हिणवलं तरी चालेल पण पाचवी ते आठवी चार विषय, प्रत्येकाचं रोज टाचण हाताने लिहिणारा माणूस वर्गात काय शिकवणार? पीडीएफमुळे वाचलेला वेळ मी पेपर तपासायला वापरतो.

निवृत्त_हेडमास्तर
यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. मुख्याध्यापक असताना मला रोज पानभर टाचणापेक्षा चार ओळींचं प्रामाणिक टाचण चाललं असतं. पण तपासणी आली की वरचे पानं मोजायचे. आज जे विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख हा धागा वाचत असतील त्यांनी विचार करावा.

केंद्रावरून
वाचतोय सर :) मी टाचण शेवटी बघतो. आधी वर्गात जाऊन पोरांना विचारतो, काल काय शिकलात. पोरं सांगतात ते आणि वही जुळत असेल तर सही. आणि शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहा बैठकीत) आम्ही एक प्रकार सुरू केलाय, जपानमध्ये फार जुना आहे. चार-पाच शिक्षकांनी मिळून एकच पाठ ठरवायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून शिक्षकाकडे नाही तर दोन-दोन मुलांकडे बघायचं. ती मुलं कधी हरवली, कधी डोळे लकाकले ते टिपायचं. मग चहा पीत चर्चा. पाठ घेणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत कारण पाठ सगळ्यांचा. सुरुवातीला कुणी पुढे यायला तयार नव्हतं, आता नंबर लावायला लागतात.

हाफपँट_बॅकबेंचर
चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक शिकवायला काय नियोजन लागतं हो? आम्ही तर गुरुजी यायच्या आधीच अफजलखान मारून बसलेलो असायचो.

साताऱ्यात_या
तीच तर अडचण! गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मग तासाला करायचं काय. मी पन्हाळ्याच्या पाठाला नकाशा घेतो. सिद्दी जौहरचा वेढा, जुलै १६६०. प्रश्न एकच: भर पावसात का निघाले, पावसाळा संपायची वाट का नाही बघितली? पोरं आधी म्हणतात शूर होते म्हणून. मग हळूहळू बोलायला लागतात, पावसात पहारा ढिला पडतो, गडावरचं धान्य संपत आलं असेल, चिखलात घोडदळाला धावता येत नाही. एक जण म्हणाला, "सर, पण चिखल तर महाराजांना पण होता." त्यावर पुढचा अर्धा तास. मग पावनखिंड नुसती रडायची गोष्ट राहत नाही.

जाई_जुई
अवांतर: आता पन्हाळ्याला जावंसं वाटायला लागलं.

तासिका_आठवी
अपडेट. बादली मिळाली (चहाचा उपाय चालला). एका तुकडीत केलं. गोंगाट इतका झाला की शेजारच्या वर्गातून मॅडम आल्या. पण एक मुलगा जो वर्षभर बोलला नव्हता त्याने विचारलं, वाटी वाकडी करून ठेवली तर? ठेवली, बुडाली. पुढच्या तासाला बाकीच्या तुकड्या मागे लागल्यात. माझं व्याख्यानावरचं मत अजून तेच आहे, पण आधी बादली.

नवखा_मास्तर
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उद्या चौथीचा अपूर्णांक आहे. तयारी इथेच टाकतो, सांगा.

चौथी: वर्तुळाकार भाकरीची चित्रं कापून समान भाग, अर्धा-पाव-पाऊण, मग अंश-छेद ओळख, मग लहानमोठेपणा, मग पुस्तकातला सराव, मग खेळ. तिसरी: पाढे लेखन, मग शुद्धलेखन. मी कुठे: चौथीकडे पूर्ण वेळ, मधे एकदा तिसरीकडे चक्कर.

गणितवेडी
छान, पण एका तासात चार तासांचं भरलंय. एकच ठेवा. उद्या फक्त "छेद मोठा झाला की भाग लहान होतो" एवढं कळलं तरी खूप. पोरांना ८ हा ४ पेक्षा मोठा म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा, मतदान घ्या, फळ्यावर आकडे ठेवा. मग घड्या. शेवटी तोच प्रश्न परत, प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर आणि कारण लिहून दारात तुमच्या हातात द्यायचं. रात्री त्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा, परवाचं नियोजन आपोआप होतं.

आणि भाकरी नको. गोल कागदाचे समान भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही. लांब पट्ट्या घ्या. घडी घातली की अर्धा, परत घडी पाव, परत घडी आठवा. सगळ्यांच्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या असू देत, नाहीतर एकाचा पाव दुसऱ्याच्या अर्ध्यापेक्षा मोठा निघेल. ती गंमत परवा मुद्दाम करायची, उद्या नको.

वाडा_तालुका
तिसरीला पाढेलेखन दिलं तर दहाव्या मिनिटाला दप्तरात शिरतील, लिहून देते. त्यांनाही पट्ट्या द्या. अर्धा आणि पाव त्यांना पण चालतो. पहिल्या वीस मिनिटांत दोन्ही वर्ग एकत्र घडी घालतील, मग तिसरीने पट्ट्या वहीत चिकटवून रंगवायच्या, नाव घालायचं, आणि तुम्ही चौथीकडे.

निवृत्त_हेडमास्तर
टाचणात अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक तेवढा घाला आणि साहित्यात "कागदी पट्ट्या" लिहा. बाकी गणितवेडी यांचे तीन मुद्दे उतरवले तरी पुरे. फळा आखून ठेवा. मतदानाचे आकडे वरच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटपर्यंत पुसायचे नाहीत.

नवखा_मास्तर
मस्त. पट्ट्या कशाच्या करू? दुकानात घोटीव कागद आहे पण २३ पोरांना परवडायचा नाही, मानधन अजून आलं नाही या महिन्याचं.

ऊसपट्टा
जुन्या कॅलेंडरची पानं. जाड असतात, घडी सरळ बसते, मागची बाजू कोरी असली तर लिहिता पण येतं. गावात किराणा दुकानदाराकडे मागा, त्याच्याकडे मागच्या वर्षीची पडलेली असतात.

खडूफळा
आणि कात्री घरून न्या. शाळेची कात्री पोषण आहाराच्या खोलीत कुलपात असते, किल्ली मोठ्या मॅडमकडे, मॅडम प्रशिक्षणाला.